पोळ्याच्या दिवशी झालेला मेळावा

पत्र

ताई, नमस्कार. माझं नाव आणि तालुका छापू नका. यवतमाळ जिल्ह्यातला आहे, वय २७, कृषी पदविका झाली. घरी पाच एकर कोरडवाहू, आई आणि लग्नाची बहीण. कीटकनाशकांच्या एका कंपनीसाठी फिल्डवर काम करतो. पगार एजन्सीकडून येतो, शर्टावर नाव कंपनीचं. ही कंपनी अमेरिकेतल्या मोठ्या कंपनीच्या मालकीची आहे.

गेल्या खरिपात आमच्या मालाचे नमुने कृषी केंद्रातून उचलले गेले. साहेब म्हणाले, मी वरचं सांभाळून घेतो, आणि माझ्या सह्या तीन बिलांवर घेतल्या. शेतकरी मेळाव्यांची बिलं: पेंडॉल, माईक, दोनशे लोकांचा आलुपोहा आणि चहा. मेळावे झालेच नाहीत. पैसे, सगळे मिळून ५२ हजार, नमुने उचलणाऱ्या सरकारी निरीक्षकाकडे गेले असं साहेबच म्हणाले. पाकीट मी दिलं नाही, पण एकदा साहेबांना माझ्या गाडीवर घेऊन गेलो आणि बाहेर थांबलो.

आता अमेरिकेहून चौकशी लागली आहे, मुंबईहून वकील येणार आहेत. साहेब म्हणतात, मेळावे झाले असंच सांगायचं. ‘काऊन घाबरून राह्यला बे? तिकडे ट्रम्पनं तो लाचेचा कायदाच बंद केला. अमेरिका काय आपल्या गावाले येते का?’ वरून जुन्या तारखेचं चौथं बिल सहीला ठेवलं आहे. मला अमेरिकेत जेल होईल का? सही केली तर नोकरी वाचेल, नाही केली तर जाईल. काय करू?

उत्तर

भाऊ, तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी दोन ओळी कळवल्या होत्या: चौथ्या बिलावर सही करू नका, आणि आधीच्या तिन्ही बिलांबद्दलचं काहीही फाडू किंवा पुसू नका. बाकीचं इथे सविस्तर लिहिते. असं पत्र लिहिणारे तुम्ही पहिले नाही आणि हे वाचून घाम फुटणारेही तुम्ही एकटे नसाल. मी वकील नाही. एकवीस वर्षं सहकारी संस्थांचे हिशेब तपासण्यात गेली, आणि ते काम करता करता हा विषय मी जवळून पाहिला, एवढाच माझा अधिकार.

तुम्ही एका बिलाचा फोटो पाठवला होता. तो पाहून मी पुसून टाकला. असे कागद कोणालाही पाठवत जाऊ नका, मलाही नको. पण त्यावरची तारीख डोक्यात राहिली, म्हणून कॅलेंडर काढून बघितलं. त्या दिवशी पोळा होता. आदल्या दिवशी खांदशेकणी झालेली, सकाळपासून बैल धुवायचे, शिंगं रंगवायची, झुली चढवायच्या आणि संध्याकाळी तोरणाखाली उभं राहायचं. अशा दिवशी दुपारी दोनशे कास्तकार पेंडॉलमध्ये बसून बोंडअळीवरचं भाषण ऐकत होते, असं तुमच्या सहीचा कागद म्हणतो. ज्यानं बिल बनवलं त्यानं तारीख मोबाइलवर पाहून टाकली असणार. मुंबईच्या वकिलाला ते कदाचित कळणार नाही, पण या जिल्ह्यातल्या कोणत्याही पोराला कळेल. चौकशीत कोणीतरी एक जण या जिल्ह्यातला असतोच.

पाकीट कोणी पाहिलं नाही, त्याची पावती नाही. मात्र बिल आहे, बिलावर तारीख आहे आणि तारखेखाली तुमचं नाव आहे. सगळं प्रकरण या कागदावर उभं आहे.

अमेरिकेचा कायदाही मुळात याच जागी बोट ठेवतो. वॉटरगेट प्रकरणाची चौकशी चालू असताना तिथल्या कंपन्यांच्या वह्यांतून गुप्त खाती बाहेर आली. चारशेहून जास्त कंपन्यांनी परदेशात संशयास्पद पैसे दिल्याची कबुली दिली, आणि त्यातून १९७७ मध्ये परदेशातल्या लाचेविरुद्धचा हा कायदा झाला, ‘फॉरेन करप्ट प्रॅक्टिसेस ॲक्ट’. त्याचे दोन भाग आहेत. परदेशी सरकारी माणसाला कामासाठी लाच द्यायची नाही, हा पहिला. दुसरा भाग आपल्याकडे फारसा कोणाला ठाऊक नसतो: अमेरिकेच्या शेअर बाजारात नाव असलेल्या कंपनीनं, तिच्या मुलीनातींच्या कंपन्यांसकट, हिशेबाच्या वह्या खऱ्या ठेवायच्या. लाच सिद्ध करणं कठीण पडलं तरी खोटी नोंद सिद्ध होते. तेवढ्यावर शेअर बाजारावर लक्ष ठेवणारा तिथला रोखे आयोग कंपनीला धरतो. फौजदारी बाजू न्याय विभाग बघतो.

तुमच्या धंद्यातलीच एक घटना सांगते, जाहीर नोंदीतली आहे. डाऊ केमिकल या अमेरिकन कंपनीच्या साखळीत दूर खाली मुंबईतली एक कीटकनाशक कंपनी होती, डीई-नोसिल. १९९६ ते २००१ या काळात तिनं केंद्रीय कीटकनाशक मंडळातल्या अधिकाऱ्याला नोंदणी लवकर व्हावी म्हणून पैसे पोचवले. शिवाय राज्याराज्यांतल्या निरीक्षकांना लहान लहान रकमा दिल्या, एकेका वेळी शंभर डॉलरहून कमी, पण वारंवार. त्या का दिल्या? निरीक्षक नमुना खोटा ठरवून माल अडवू शकत होता म्हणून. आणि पैसा बाहेर कसा काढला? ठेकेदारांच्या बिलांत खोटे आकडे घालून. डाऊला हे कळल्यावर तिनं स्वतःच आयोगाला सांगितलं, आणि २००७ मध्ये ३ लाख २५ हजार डॉलर दंड भरला. तुमच्या साहेबांना वाटतं ही युक्ती त्यांना सुचली. अमेरिकेच्या सरकारी कागदांत ती केव्हाच लिहिलेली आहे.

कॅडबरीचंही तसंच. हिमाचलातल्या बद्दीच्या कारखान्याला परवाने हवे होते. २०१० मध्ये एक एजंट नेमला, त्यानं परवान्यांचे अर्ज तयार केल्याची बिलं दिली आणि त्याला ९० हजार डॉलरच्या वर पैसे गेले. अर्ज तर कंपनीच्याच माणसांनी लिहिले होते. कॅडबरी ज्या कंपनीच्या पदरात पडली होती, त्या माँडेलीझनं २०१७ मध्ये १ कोटी ३० लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं. न झालेल्या कामाचं बिल. तुमचा मेळावा आणि हा अर्ज यांत मला तरी फरक दिसत नाही.

आता साहेबांच्या ट्रम्पबद्दलच्या बोलण्याकडे येते, कारण तुमची अर्धी भीती आणि अर्धा धीर त्यावरच टेकलेला दिसतो. १० फेब्रुवारी २०२५ ला राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी या कायद्याखालच्या नव्या चौकशा १८० दिवस थांबवण्याचा आदेश काढला, हे खरं. चेन्नईच्या कॅम्पसच्या परवानगीसाठी लाच दिल्याच्या आरोपावरून कॉग्निझंट या अमेरिकन आयटी कंपनीच्या दोन माजी वरिष्ठ अधिकाऱ्यांवर चाललेला खटला त्यानंतर मागे घेतला गेला, हेही खरं. पण ९ जून २०२५ ला न्याय विभागानं नव्या सूचना काढल्या आणि काम पुन्हा सुरू झालं. रोख बदलला: गुन्हेगारी टोळ्यांशी लागेबांधे, अमेरिकन कंपन्यांचं नुकसान, देशाची सुरक्षा, मोठी लाच यांना आधी हात घालायचा. कायदा मात्र कायम आहे. तो रद्द करायचा तर तिथल्या संसदेनं करायला हवा, आदेशानं होत नाही. लाचेच्या गुन्ह्याला साधारण पाच वर्षांची मुदत असते, म्हणजे आजचं बिल पुढच्या राष्ट्राध्यक्षाच्या काळातही उघडता येतं. कंपन्यांना हे नीट ठाऊक असतं. सरकारी दट्ट्या सैल झाला असतानाही तुमच्या कंपनीनं वकील पाठवलेत, ते त्यामुळेच. शिवाय मार्च २०२५ मध्ये ब्रिटन, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडनं मिळून लाचखोरीविरुद्ध संयुक्त पथक उभं केलं. ब्रिटनचा २०१० चा कायदा तर अमेरिकेहून कडक आहे. लाच रोखली नाही, एवढ्यासाठीही तो कंपनीला गुन्हेगार ठरवतो.

तुम्हाला अमेरिकेत जेल होईल का? कंपनीचा नोकर आणि एजंट यांनाही त्या कायद्याचे शब्द लागू पडतात, म्हणून ‘कधीच नाही’ असं मी लिहिणार नाही. पण आजवर त्यांचा रोख कंपन्यांवर आणि वरच्या साहेबांवर राहिला आहे. यवतमाळच्या फिल्डवरच्या पोरासाठी कोणी विमानानं येणार नाही, इथवर तुमच्या साहेबांचं म्हणणं बरोबर आहे.

मात्र तुम्ही ज्या कायद्याचं नाव पत्रात एकदाही घेतलं नाही, तो घराच्या दारात आहे. आपला भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि लाच देणाराही थेट गुन्हेगार ठरला, सात वर्षांपर्यंत शिक्षा. साथ देणाऱ्यालाही शिक्षा आहे. व्यापारी संस्थेसाठी वेगळं कलम आलं आणि त्यात इथे धंदा करणारी परदेशी कंपनीही धरली आहे. नोकरानं मालकाचे हिशेब जाणूनबुजून खोटे करणं हा निराळा गुन्हा, त्यालाही सात वर्षांपर्यंत. यातलं काहीच ट्रम्प यांच्या सहीनं थांबत नाही.

साहेब म्हणतील की ही लाच नाही, काम अडू नये म्हणून दिलेली चिरीमिरी आहे. अमेरिकेच्या कायद्यात खरोखर एक बारीक खिडकी आहे: टेलिफोन जोडून देणं, कागदावर शिक्का मारणं असलं नेहमीचं काम लवकर व्हावं म्हणून दिलेल्या पैशाला तिथे सूट मिळू शकते. नमुना पास करणं त्यात बसत नाही, कारण तिथे निरीक्षकानं स्वतःचा निर्णय द्यायचा असतो. आणि आपल्या कायद्यात ती खिडकीच नाही. आपल्याकडे सूट आहे ती बळजबरीनं द्याव्या लागलेल्या लाचेला, आणि तीही दिल्यापासून सात दिवसांत पोलिसांना कळवलं तर. ते सात दिवस तुमच्या तिन्ही बिलांच्या बाबतीत निघून गेले. चौथ्याच्या बाबतीत अजून काहीच घडलेलं नाही, म्हणून मी पुन्हा पुन्हा त्या चौथ्यावर येते.

एक आठवण सांगते. एका संस्थेत बारदान्याची खोटी खरेदी निघाली होती. व्हाउचरवर सह्या कॅशियरच्या, साधा माणूस, कोऱ्या कागदावरही सही देईल इतका विश्वासू. चौकशीच्या दिवशी वरची सगळी मंडळी एका बाजूला बसली होती. त्यांच्यातल्या मोठ्या माणसानं व्हाउचर उचललं, चष्मा सावरला आणि म्हणाला, ‘सही तर यांचीच दिसते.’ कॅशियरनं त्यांच्याकडे पाहिलं ते मला अजून आठवतं. रागावला नव्हता. त्याला कळतच नव्हतं की हे असं बोलू शकतात. भाऊ, तुमचे साहेबही तसंच बोलतील. वाईट माणूस असतील म्हणून नव्हे, त्यांनाही घर आहे म्हणून.

येणाऱ्या वकिलांबद्दल एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. ते कंपनीचे वकील आहेत, तुमचे नाहीत. ते गोड बोलतील, चहा पाजतील, सगळं गुप्त राहील म्हणतील. पण ती गुप्तता कंपनीची आहे. उद्या कंपनीला वाटलं की तुम्ही सांगितलेलं सरकारला द्यावं, तर ती देऊ शकते. चांगले वकील हे सुरुवातीलाच सांगतात, नाही सांगितलं तर तुम्ही विचारा. कंपनीनं स्वतःहून गुन्हा सांगितला आणि सहकार्य केलं तर अमेरिकेत तिला मोठी सवलत मिळते. कॉग्निझंटवर खटला भरला गेला नाही तो याचमुळे. आयोगाला अडीच कोटी डॉलर देऊन ती सुटली. अशा वेळी ‘दोषींना आम्ही काढून टाकलं’ असं दाखवावं लागतं. काढायला सगळ्यात सोपा माणूस एजन्सीच्या पगारावरचा असतो. हे मी घाबरवायला लिहीत नाही. सही केली तर नोकरी वाचेल हा जो हिशेब तुम्ही मांडला आहे, तो चुकीचा आहे, म्हणून लिहिते. मेळावा झाला असं तुम्ही त्यांच्यासमोर सांगितलंत, आणि मग पोळ्याची तारीख कोणाच्या तरी लक्षात आली, तर नोकरीही जाईल आणि तुमच्या बाजूनं बोलायला तुमचा शब्दही उरणार नाही.

म्हणून त्यांना भेटण्याआधी स्वतःचा वकील गाठा. पैशाची अडचण असेल तर तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते, उत्पन्नाच्या मर्यादेत बसलात तर वकील फुकट मिळतो. १५१०० वर फोन केला तरी वाट दाखवतात. त्या वकिलाला सगळं सांगा, गाडीवर बसवून नेलेलंही. माफीचा साक्षीदार होणं, लाचलुचपत प्रतिबंधक विभागाकडे जाणं, कशात किती धोका आहे, हे कागद पाहून तेच सांगतील. त्या विभागाचा नंबर १०६४. पण तुमच्या स्वतःच्या सह्या आहेत, म्हणून तो फोन वकिलाशी बोलल्यावरच करा. पैशाची मागणी पुन्हा झाली तर मात्र उशीर नको. नोटांना पावडर लावून, पंच घेऊन सापळा लावतात तो तेव्हा, पैसे देण्याआधी. दिल्यानंतर सापळा नसतो.

आज रात्री एक वही घ्या आणि घडलं तसं लिहून काढा, तारखेसह. दोन रकाने करा, एकात जे डोळ्यांनी पाहिलं, दुसऱ्यात जे कानांनी ऐकलं. पाकीट दिलेलं तुम्ही पाहिलं नाही. ते दुसऱ्या रकान्यात जाईल. तुम्ही बाहेर थांबलात, किती वाजता, साहेब किती वेळानं बाहेर आले, ते पहिल्यात. चौकशीत माणूस खोटं बोलल्यानं जितका फसतो, जवळपास तितकाच ऐकलेलं पाहिल्यासारखं सांगितल्यानं फसतो. व्हॉट्सॲपवरचे साहेबांचे मेसेज तसेच राहू द्या. कंपनीचे कागद घरी नेऊ नका. भेटीत मराठीत बोलायला मिळावं असं सांगा, आणि इंग्रजीत लिहिलेल्या जबाबावर वाचून, समजून घेतल्याशिवाय सही नको. गेल्या वर्षभरात सह्यांनी तुम्हाला पुरेसं शिकवलं आहे. पगाराच्या पावत्या, पीएफचा नंबर, नेमणुकीचं पत्र एका पिशवीत भरून आईकडे द्या.

कोणी तुम्हाला अमेरिकेच्या बक्षिसाचं सांगितलं तर: तिथला आयोग खबर देणाऱ्याला वसुलीतून १० ते ३० टक्के देतो, परदेशी माणसालाही, हे खरं आहे. पण दंडाची रक्कम दहा लाख डॉलरच्या वर गेली तरच. आणि सूड म्हणून नोकरीवरून काढलं तर तिथलं संरक्षण इथवर पोचत नाही. २०१४ मध्ये तिथल्या एका अपील न्यायालयानं चीनमधल्या कर्मचाऱ्याच्या बाबतीत तसं स्पष्ट म्हटलं. त्या आशेवर घर चालवू नका.

या सगळ्यात मला एक गोष्ट सहन होत नाही. डाऊनं भरलेले ते ३ लाख २५ हजार डॉलर गेले कुठे? अमेरिकेच्या तिजोरीत. लाच इथे दिली गेली, इथल्या निरीक्षकाला, इथल्या कास्तकाराच्या मालावरून, आणि दंड वॉशिंग्टनला जमा झाला. २०२३ च्या डिसेंबरपर्यंत तर अमेरिकेच्या कायद्यात लाच मागणाऱ्या परदेशी अधिकाऱ्याविरुद्ध थेट तरतूदही नव्हती, फक्त देणाऱ्याविरुद्ध होती. तो कायदा त्यांच्या बाजाराची इभ्रत राखायला आहे, आणि ते काम तो बऱ्यापैकी करतो. आपल्या वावराची राखण आपल्याच कायद्यानं आणि आपल्याच माणसांनी करायची आहे. तुम्हीही त्याच माणसांतले आहात, शर्टावर नाव कोणाचंही असो.

२०१७ च्या फवारणीत आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसं गेली. कारणं अनेक होती: डोक्याएवढी वाढलेली पऱ्हाटी, औषधांची मिसळ, अंगावर ना मास्क ना हातमोजे. त्या मृत्यूंना मी लाचेशी जोडत नाही. पण तेव्हापासून बाटलीत नेमकं काय आहे हा प्रश्न या भागात कोणासाठीही किरकोळ राहिलेला नाही. तुमच्या पत्रात बिलांचे आकडे आहेत, साहेबांचं बोलणं आहे, नोकरीची काळजी आहे. तो नमुना कोणत्या औषधाचा होता आणि तो माल नंतर कुठे गेला, हे नाही.

ते तुम्हाला माहीत असणार. वहीत पहिल्या रकान्याच्या वर औषधाचं नाव, बॅच नंबर आणि कृषी केंद्राचं नाव लिहा, आणि वकिलाला सगळ्यात आधी हेच विचारा की जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्याकडे त्या बॅचची फेरतपासणी कशी मागायची. पेरणी आटोपली की लोक फवारणीला लागतील, आणि मागच्या हंगामातली उरलेली बाटली आधी उघडतात.